रुळाशेजारची ती पेटी नक्की करते काय?

मुंबईकराला लोकलचं वेळापत्रक पाठ असतं. कोणत्या डब्यातून उतरलं की जिना बरोबर समोर येतो, हेही त्याला ठाऊक असतं. पण रोज खिडकीतून दिसणारी रुळाशेजारची ती चंदेरी पेटी कसली, असं विचारलं तर "सिग्नलचं काहीतरी असेल" म्हणून तो मोकळा होतो. उत्तर अगदीच चुकीचं नाही. मात्र दादर ते कुर्ला एवढ्याच टप्प्यात नीट बघत गेलं तरी किती वस्तू दिसतात! रुळाला घट्ट बसवलेले ठोकळे, खांबाला लोंबणारी लोखंडी वजनं, खडीतून आडव्या गेलेल्या सळया, पिवळे त्रिकोण, अक्षर लिहिलेल्या गोल चकत्या. या सगळ्यांवर 'सिग्नलचं काहीतरी' हे एकच लेबल लावणं म्हणजे सरळ अन्याय आहे.

यादी पाठ करायची गरज नाही. कुठलीही अनोळखी वस्तू दिसली की आधी विचारायचं, ही कोणासाठी ठेवली आहे? रुळालाच जोडलेली असेल तर तिचं काम चाकांशी. येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभी असेल तर ती मोटरमनसाठी. खांबावर उंच असेल तर बहुधा वरच्या तारेची. मग दुसरा प्रश्न: तिच्यातून केबल निघते का? केबल निघत असेल तर सिग्नल किंवा वीज विभागाची वस्तू. केबल नसेल, नुसतंच लोखंड, काँक्रीट किंवा रंगवलेला दगड असेल, तर ती रुळांची निगा राखणाऱ्या अभियांत्रिकी विभागाची. एवढ्या दोन प्रश्नांवर बरीचशी कोडी सुटतात.

गाडी आहे की नाही?

आधी चाकांशी बोलणाऱ्या वस्तू घेऊ, कारण तुमची लोकल उशिरा का आली याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

रुळांच्या एका ठरावीक तुकड्यात या क्षणी गाडी आहे की नाही, हे यंत्रणेला सतत माहीत असावं लागतं. ते कळण्याची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे ट्रॅक सर्किट. तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही रुळांमध्ये अगदी कमी दाबाची वीज सोडायची आणि दुसऱ्या टोकाला रिले बसवायचा. रिले हा विजेवर चालणारा खटका. वीज एका रुळातून जाते, रिलेतून फिरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. रिले उचललेला असला की तुकडा मोकळा. गाडी आत आली की तिची पोलादी चाकं आणि चाकांच्या जोडीला जोडणारा दांडा, म्हणजे आस, दोन रुळांना थेट जोडतात. विजेला जवळची वाट सापडते, रिलेपर्यंत ती पोचतच नाही, खटका पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो.

हे ओळखायचं कसं? हल्लीचे रूळ लांबच लांब जोडलेले असतात, मध्ये फट दिसत नाही. पण अधूनमधून एका ठिकाणी रुळाच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या आणि बोल्ट दिसतात आणि बरोबर मध्ये रूळ कापल्यासारखी एक बारीक काळपट रेघ. ती इन्सुलेशनची. हा ग्लूड जॉइंट. एका तुकड्याची वीज शेजारच्या तुकड्यात जाऊ नये म्हणून तो तिथे असतो. त्याच्या आसपास रुळाच्या पोटाला लावलेल्या वायरी खडीतून एका छोट्या पेटीकडे जाताना दिसल्या की समजायचं, इथे ट्रॅक सर्किट संपतं किंवा सुरू होतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलात तर चार-पाच फुटांवरून हे सगळं स्पष्ट दिसतं.

या रचनेतली खरी हुशारी ती बिघडते तेव्हा दिसते. वायर तुटली, वीजपुरवठा गेला, बॅटरी बसली, कोणी केबल चोरली, तरी प्रत्येक वेळी रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रुळाला आरपार तडा गेला तरी बहुतेकदा तेच होतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठ्याने रूळ आकुंचन पावतात, तेव्हा अशा तड्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातले काही तडे माणसाच्या नजरेआधी सिग्नलनेच पकडलेले असतात. म्हणून 'सिग्नल यंत्रणेत बिघाड' ही उद्घोषणा ऐकून आपण चिडतो ते समजण्यासारखं असलं, तरी तो बिघाड सुरक्षित बाजूला झालेला असतो. गाडी नसताना लाल दिसणं हा मनस्ताप आहे. गाडी असताना हिरवा दिसला असता तर काय झालं असतं याचा विचारही नको.

आता पावसाळा. शीव, कुर्ला, मशीद, नालासोपारा ही नावं दर जुलैत बातम्यांत का येतात? रुळांत पाणी साचलं की दोन रुळांमधली वीज खडीतल्या गढूळ पाण्यातून गळायला लागते. रिलेच्या वाट्याला पुरेशी वीज येत नाही आणि तो पडतो. यंत्रणेच्या दृष्टीने त्या तुकड्यात गाडी उभी आहे. गाडी नाही, पाणी आहे, हे तिला कळायचा मार्गच नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे ॲक्सल काउंटर. रुळाच्या दोन्ही अंगांना बसवलेले दोन छोटे ठोकळे, त्यातून निघालेल्या जाड नळीतल्या केबली आणि शेजारी गुडघाभर उंचीची एक पेटी दिसली की तो हाच. एका ठोकळ्यातून निघालेलं चुंबकीय क्षेत्र रूळ ओलांडून दुसऱ्या ठोकळ्यात पोचत असतं. चाक मधून गेलं की त्यात बदल होतो आणि एक आस मोजली जाते. लग्नाच्या हॉलच्या दोन्ही दारांवर माणूस उभा करून आत किती गेले आणि बाहेर किती आले हे मोजावं, तसा हा हिशेब. बारा डब्यांची लोकल असेल तर प्रत्येक डब्याला ४ आसा, म्हणजे ४८. पलीकडच्या टोकाला ४८ मोजल्या गेल्या की तुकडा मोकळा. ४७ भरल्या तर तुकडा व्यापलेलाच, मग माणसाने खात्री करून घेतल्यावरच हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा. एका जागी थोड्या अंतराने दोन मोजण्या होत असल्यामुळे गाडी कोणत्या दिशेने गेली हेही कळतं.

ॲक्सल काउंटर रुळातल्या विजेवर अवलंबून नसतो, त्यामुळे ओल्या खडीचं त्याला फारसं काही वाटत नाही. मात्र रुळाला तडा गेला तर तोही त्याला कळत नाही. ट्रॅक सर्किटकडे हा जास्तीचा गुण आहे. नवीन आलं म्हणजे सगळ्याच बाबतींत सरस असं रेल्वेत क्वचित होतं.

आणि ती चंदेरी पेटी? तिचं नाव लोकेशन बॉक्स. आसपासच्या सिग्नलच्या, ट्रॅक सर्किटच्या, पॉइंटच्या केबली तिथे एकत्र येतात. आत रिले, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनलच्या ओळीच्या ओळी. ती स्वतः काही ठरवत नाही. निर्णय होतो स्टेशनच्या रिले रूममध्ये किंवा सिग्नल आणि पॉइंट यांचा मेळ राखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगच्या संगणकात. पेटी म्हणजे वाटेतलं जंक्शन. म्हणून तिच्यात पाणी शिरलं की एकाच वेळी तीन-चार गोष्टी बंद पडतात, आणि म्हणूनच सखल भागात ती उंच चौथऱ्यावर बसवलेली दिसते.

पॉइंट: सळयांकडे बघा

गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा म्हणजे पॉइंट. जुनी मंडळी सांधा म्हणतात, आणि तो हाताने बदलणारा तो सांधेवाला. आता ते काम मोटर करते. रुळाच्या बाहेरच्या बाजूला, लांब स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या तुळईवर) बोल्ट मारून बसवलेली बुटकी, जड, बंद पेटी म्हणजे पॉइंट मशीन. दादर, कुर्ला, ठाणे, कुठेही प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलात तर एखादं तरी नजरेस पडेल.

पेटीकडे नाही, तिच्यातून रुळांखाली गेलेल्या सळयांकडे बघा. एक जाडजूड सळई असते, ती निमुळत्या टोकाच्या दोन हलत्या रुळांना ढकलते. त्या हलत्या रुळांना जीभ म्हणतात. बाकीच्या सळया बारीक असतात. त्या काही ढकलत नाहीत, नुसत्या जिभेबरोबर सरकतात. प्रत्येक जिभेला तिची वेगळी सळई. जीभ खरोखर पूर्ण सरकली का, मुख्य रुळाला नीट चिकटली का, हे त्या पेटीत येऊन सांगतात. मोटर फिरली एवढ्यावर यंत्रणा विश्वास ठेवत नाही. जीभ जागेवर आली, पेटीतलं कुलूप बसलं आणि बारीक सळयांनी साक्ष दिली, की मगच त्या मार्गाचा सिग्नल मोकळा होऊ शकतो.

जीभ आणि रूळ यांच्यात खडीचा एखादा दगड अडकला तर काय होतं? प्लास्टिकची बाटली अडकली तर? जीभ काही मिलिमीटर अलीकडेच थांबते. कुलूप बसत नाही. मोटर जळू नये म्हणून आतला क्लच घसरतो. सिग्नल लालच राहतो आणि प्लॅटफॉर्मवर उद्घोषणा होते. मग कोणीतरी रुळांवर जाऊन तो दगड काढतो, किंवा हँडल लावून पॉइंट हाताने फिरवतो आणि क्लॅम्प मारून कुलूप लावतो. गर्दीच्या वेळी खिडकीतून फेकलेल्या बाटलीची किंमत अशी चुकती होते.

सिग्नलजवळ, रुळाच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक चपटी पेटी दिसते, पॉइंट मशीनपेक्षा लहान आणि सळया नसलेली. हा ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टमचा ट्रॅक मॅग्नेट. ही यंत्रणा देशात मुख्यतः मुंबईच्या उपनगरी मार्गांवरच आढळते, त्यामुळे बाहेरगावच्या रेल्वेप्रेमींना ती चटकन ओळखता येत नाही. मॅग्नेट सिग्नलशी जोडलेला असतो आणि सिग्नलचा रंग कोणता आहे ते गाडीखालच्या उपकरणाला कळवतो. पिवळ्यावरून जाताना मोटरमनच्या केबिनमध्ये इशारा वाजतो. त्याने बटण दाबून तो पाहिल्याची खूण द्यायची असते आणि वेग आवरायचा असतो. लाल ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतात. दर तीन-चार मिनिटांनी गाडी धावते त्या मार्गावर माणसाच्या एका डुलकीला एवढा तरी पहारा हवाच.

मोटरमनसाठी लिहिलेलं

सिग्नलचे रंग बहुतेकांना माहीत असतात. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो. दोन पिवळे म्हणजे पुढे मार्ग आहे पण वेगावर लक्ष ठेवा, पुढचा सिग्नल आवरतं घ्यायला सांगेल. हिरवा म्हणजे खुशाल जा. फारसं कोणी बघत नाही ती त्याच खांबावरची छोटी गोल चकती, आणि प्रवाशाच्या कामाची माहिती तिच्यावरच असते.

पांढऱ्या चकतीवर काळं इंग्रजी 'ए' असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. त्याला कोणी स्टेशनमास्तर चालवत नाही. पुढचे ट्रॅक सर्किटचे तुकडे मोकळे की भरलेले, यावरून तो स्वतःच रंग बदलतो. तो लाल असला तर मोटरमन थांबतो, दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं. तेवढ्याने लाल गेला नाही तर भोंगा देऊन, गार्डशी बेलवर बोलून, तो लाल ओलांडून पुढे जाऊ शकतो. पण अगदी हळू, समोर काहीही दिसलं तर त्याच्या अलीकडे थांबता येईल अशा बेताने. दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल थांबते, मिनिटभराने भोंगा वाजतो आणि मग ती गोगलगायीच्या चालीने निघते, तेव्हा डब्यात 'आता काय झालं' अशी चर्चा सुरू होते. बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं.

चकती नसलेला लाल सिग्नल मात्र वेगळा. तो स्टेशनच्या हद्दीतला असतो, पुढे पॉइंट असतात. तो लाल असेल तर मोटरमनने कितीही वेळ थांबायचं. लेखी किंवा ठरवून दिलेली परवानगी मिळाल्याशिवाय हलायचं नाही. तिसरा प्रकार या दोघांच्या मधला. काळ्या पाटीवर 'ए' दिव्याने उजळतो. उजळलेला असेल तर तो ऑटोमॅटिकसारखा वागतो, विझलेला असेल तर स्टेशनच्या ताब्यात. एकाच खांबाचे दोन स्वभाव. पिवळ्या चकतीवर 'जी' असेल तर तो फाटकाचा सिग्नल.

सिग्नलच्या डोक्यावर तिरकी पांढऱ्या दिव्यांची रांग उजळली की गाडी सरळ न जाता त्या बाजूच्या मार्गावर वळणार. फास्टवरून स्लोवर जाणारी गाडी ओळखायची ही सोपी खूण. आणि खाली, जमिनीलगत दोन पांढऱ्या दिव्यांचा बुटका सिग्नल दिसला तर तो शंटिंगचा, म्हणजे डबे-इंजिन इकडून तिकडे हलवण्याचा: दिवे आडव्या रेषेत असतील तर थांबा, तिरके असतील तर पुढे.

प्लॅटफॉर्मवर छताला लोंबणाऱ्या १२ आणि १५ च्या पाट्या मोटरमनने कुठे थांबायचं ते सांगतात. पिवळ्या त्रिकोणावरचा आकडा म्हणजे तेवढ्याच वेगाने जा. पुढे रुळांचं काम सुरू असतं किंवा नुकतंच झालेलं असतं. 'टी' आणि 'पी' लिहिलेली पाटी आली की प्रवासी गाडीवरचं ते बंधन संपलं. 'टी' आणि 'जी' असेल तर मालगाडीवरचं. रविवारच्या मेगाब्लॉकनंतर सोमवारी त्याच जागी गाडी हळू का गेली, याचं उत्तर बहुधा याच पाट्यांमध्ये असतं.

डोक्यावरची तार

देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. मुंबईने तो डीसी पुढे जवळजवळ नव्वद वर्षं वापरला. पश्चिम रेल्वेवरून तो २०१२ मध्ये हटला, मध्य रेल्वेवर हार्बर मार्गासह २०१६ मध्ये. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. दाब वाढला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, तार बारीक चालते, सबस्टेशनं लांब-लांब ठेवता येतात. उलट बाजूने, २५ हजार व्होल्टच्या तारेला वर-खाली मोकळी जागा जास्त हवी. सँडहर्स्ट रोडचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे त्याची कमी उंची हे एक मोठं कारण होतं.

ओव्हरहेड वायरच्या सामानातली माझ्या आवडीची वस्तू म्हणजे खांबाला लोंबणारी वजनं. काही अंतराने एखाद्या खांबावर कप्पी दिसते आणि तिच्या दोरावर लोखंडी चकत्यांची उतरंड. लोकांना ती वीज नियंत्रणाची काही भानगड वाटते. प्रत्यक्षात तिच्यात वीज नाहीच, आहे ते निव्वळ वजन. संपर्क तार आणि तिला वरून धरणारी तार, दोन्ही कायम ताणलेल्या हव्यात, प्रत्येकी साधारण १००० किलोच्या ताणाने. तार सैल पडली तर पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरून तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा, उड्या मारतो, ठिणग्या उडतात, कधी तो तारेत अडकून ती खाली ओढतो. पण तांबं उन्हाने लांबतं. मग ताण एकसारखा ठेवायचा कसा? कप्प्यांमधून वजन सोडून द्यायचं. तीनास एक अशा कप्प्या असतील तर दोन्ही तारांच्या मिळून २००० किलो ताणाला सुमारे ६६५ किलो वजन पुरतं.

हिशेब करून बघू. खांबापासून मधल्या घट्ट बांधलेल्या जागेपर्यंत तार समजा ७५० मीटर आहे. तांब्याच्या दर मीटरला एक अंश तापमानवाढीमागे सुमारे १७ मायक्रोमीटर वाढ होते. तारेचं तापमान २० अंशांनी वाढलं तर तार साधारण २५ सेंटिमीटर लांबते आणि तीनास एक कप्प्यांमुळे वजन तिप्पट, म्हणजे पाऊण मीटर खाली येतं. जानेवारीच्या सकाळी एखाद्या खांबावरचं वजन कुठे लोंबतंय ते बघून ठेवा आणि मेमध्ये दुपारी दोन वाजता पुन्हा बघा. फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. मोटर नाही, सेन्सर नाही, संगणक नाही. इतका साधा आणि इतका निष्ठावान नोकर रेल्वेकडे दुसरा नसेल.

तार सरळ रुळाच्या बरोबर मधून जात नाही, हेही बघण्यासारखं आहे. एका खांबाशी ती मध्यापासून एका बाजूला, पुढच्या खांबाशी दुसऱ्या बाजूला, साधारण २० सेंटिमीटरपर्यंत सरकवलेली असते. ती कायम एकाच जागी घासली तर पेंटोग्राफच्या कार्बन पट्टीत खाच पडेल. नागमोडी गेली की पट्टी सारखी झिजते.

चालत्या लोकलमध्ये क्षणभर पंखे मंदावतात, दिवे लुकलुकतात किंवा वातानुकूलित लोकलमधली घरघर थांबते, ती जागा बहुतेकदा न्यूट्रल सेक्शन. शेजारच्या दोन सबस्टेशनांची वीज वेगवेगळ्या फेजची असते, म्हणजे तिच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत. पेंटोग्राफने त्या दोन्ही एकदम जोडल्या तर अनर्थ. म्हणून मध्ये तारेचा छोटा निर्जीव तुकडा ठेवतात. त्याच्या ५०० आणि २५० मीटर आधी पाट्या असतात, मग 'डीजे ओपन' आणि पलीकडे 'डीजे क्लोज'. इथल्या डीजेचा गणपतीच्या मिरवणुकीशी संबंध नाही. हा गाडीचा मुख्य सर्किट ब्रेकर. तो उघडायचा, वेगाच्या जोरावर तुकडा पार करायचा, पुन्हा बंद करायचा.

खांबाच्या पायथ्यापासून रुळापर्यंत गेलेली लोखंडी पट्टी सहसा दुर्लक्षित राहते. चिनीमातीचा इन्सुलेटर फुटून खांबात वीज उतरली तर ती वीज या पट्टीतून रुळात जाते, सबस्टेशनला दोष कळतो आणि पुरवठा तुटतो. आणि एक ताकीद द्यायलाच हवी: २५ हजार व्होल्टला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. नियमाने २ मीटरच्या आत जायचं नसतं. डब्याच्या टपावर चढणारा माणूस तारेला हात न लावताही जळतो.

बिनकेबलचं सामान

हे भराभर. दोन रूळ एकमेकांजवळ येतात तिथे खडीत रोवलेला पांढरा दगड म्हणजे फाउलिंग मार्क; गाडी त्याच्या आत उभी असली पाहिजे, नाहीतर शेजारून जाणारीला धक्का लागेल. भाईंदर आणि नायगावच्या मधल्या खाडीपुलावर मुख्य रुळांच्या आत आणखी दोन रूळ दिसतात, पुलाच्या टोकांना ते एकमेकांकडे झुकून मिळतात. ते गार्ड रेल. डबा घसरलाच तर तो पुलावरून खाली न जाता त्यांच्या आधाराने रुळांतच राहावा, एवढ्यासाठी. पॉइंट नसताना एका जागी रूळ तिरका कापल्यासारखा दिसतो आणि दोन निमुळती टोकं एकमेकांशेजारून सरकलेली असतात. तो प्रसरण सांधा, लांब जोडलेल्या रुळाच्या टोकाला उन्हात पसरायला ठेवलेली जागा. पिवळ्या पाटीवर 'सी/फा' असेल तर पुढे फाटक आहे, शिटी वाजवा. मुंबईत फाटकंच कमी उरल्यामुळे ही पाटी बघायची तर कल्याणच्या किंवा विरारच्या पलीकडे जावं लागतं.

तिकडे गेलात तर स्लीपरवर मधोमध बसवलेले छोटे चपटे ठोकळेही शोधा. केबल नाही, सळई नाही, त्यामुळे वरचा माझा नियम इथे फसतो. ही गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेची आरएफआयडी टॅग, रेडिओ लहरींनी वाचली जाणारी. मुंबई-दिल्ली मार्गावर हे काम हाती घेतलेलं आहे. टॅगला स्वतःची वीज नसते. वरून गाडी गेली की इंजिनाखालचं यंत्र तिला जागं करून 'मी कुठे आहे' हे विचारून घेतं.

राहिला खांबावरचा आकडा, जो वाचता आलाच पाहिजे. ओव्हरहेडच्या प्रत्येक खांबावर एकाखाली एक असे दोन आकडे असतात. वरचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. मध्य रेल्वेवर किलोमीटर सीएसएमटीपासून मोजतात, पश्चिमेवर चर्चगेटपासून. म्हणून दादरला मध्य रेल्वेच्या खांबांवर ८-९ आणि पश्चिमेच्या खांबांवर १० दिसतो, दोन्ही प्लॅटफॉर्म पुलाने जोडलेले असूनही. काही खांबांवर बाणही रंगवलेला असतो. तो कंट्रोल रूमशी बोलण्याच्या जवळच्या टेलिफोन सॉकेटकडे बोट दाखवतो, गार्डकडच्या फोनसाठी.

गाडीतून कोणी पडलं, रुळावर काही अडथळा दिसला, डब्यातून धूर निघाला, तर १३९ वर फोन करताना आपण "कुर्ला-विद्याविहारच्या मध्ये कुठेतरी" असं सांगतो. त्यात बरंच अंतर येतं, आणि अप, डाउन, स्लो, फास्ट असे चार तरी मार्ग. त्याऐवजी खिडकीतून दिसलेला खांब वाचून "मध्य रेल्वे, डाउन फास्ट, १६ खाली ८" असं सांगितलं, तर मदतीला निघालेल्या माणसाला नेमक्या त्या खांबाशी येता येतं.